थंडीतली द्राक्षबाग: डाऊनी, भुरी आणि गुलाबी मणी

युरोपातली द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून सुप्तावस्थेत जाते आणि उणे 15 अंशांची थंडीही सोसते. तासगाव-मिरज भागात वेलीला ही विश्रांती नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्या वाढवण्यासाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घडांसाठी फळछाटणी. म्हणून पारा 10 अंशांखाली उतरतो तेव्हा वेलीवर हिरवी पानं आणि फुगवणीतले मणी असतात. मुळं गारठली की पाणी आणि अन्नद्रव्यं उचलणं मंदावतं, फुगवण थांबते. अशा वेळी खत वाढवू नये, वेल ते घेतच नाही. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं. पहाटे ठिबकनं थोडं सोडलेलं चांगलं.

रोगांचं गणित मात्र पाण्यावर फिरतं. डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात पोहत पर्णरंध्रांतून आत शिरतात. दव किंवा पाऊस दोन-तीन तास पानावर टिकला तरी त्यांचं काम होतं. पानाच्या वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी. डाग जिवंत आहे का, हे बघायला ते पान ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर अंधारात ठेवा. सकाळी खालच्या बाजूनं पांढरी लव आली, तर रोग चालू आहे.

भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला पानावर पाणी लागत नाही. ढगाळ, गार, कोरडी हवा तिला मानवते. इथे गंधकाची फवारणी अनेकदा वाया जाते, कारण गंधकाची वाफ होऊन ती बुरशीपर्यंत पोचावी लागते आणि 18-20 अंशांखाली ती नीट होत नाही. म्हणून थंडीत 80 टक्के गंधक (लिटरला 2 ग्रॅम) पहाटे न मारता ऊन चढल्यावर मारावं. उन्हाळ्यात उलट: 35 अंशांच्या आसपास त्यानंच पानं करपतात.

डाऊनीवर जुना उपाय 1 टक्का बोर्डो मिश्रण, खरड छाटणीनंतरच्या पावसाळ्यात. घड लागल्यावर मारलं तर त्याचे मण्यांवर डाग पडतात. 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो चुना वेगळ्या 50 लिटरमध्ये, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या प्लास्टिकच्या पिंपात ओतायचं. लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

गुलाबी मणी हा रोग नव्हे. मण्यात पाणी उतरताना, म्हणजे तो मऊ पडून पिकायला लागताना, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की थॉमसनसारखी पांढरी जात रंग धरते आणि भाव पडतो. पाणी उतरायच्या आधीच घडांना कागद गुंडाळावा. रंग दिसल्यावर गुंडाळलेला कागद काही करत नाही.