सनस्क्रीनच्या वळ्या आणि चेहऱ्यावरचा पापुद्रा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला खान्देशात लग्नसराई आणि उन्हाळा दोन्ही ऐन भरात असतात. या दिवसांत धुळे-अमळनेरकडच्या पार्लरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. सनस्क्रीन लावलं, त्यावर फाउंडेशनचा हात फिरवला आणि कपाळावर, नाकाच्या कडेला बारीक पांढरट वळ्या निघाल्या. ‘हाई क्रीम डुप्लिकेट शे,’ असा निकाल लगेच लागतो. ‘मळ निघतोय, निघू दे,’ असं समाधानही मी ऐकलं आहे. दोन्ही चूक. ती वळी म्हणजे त्या क्रीममधला सगळ्यात कष्टाळू घटक, जो एरवी डोळ्यांना दिसत नाही. काम पुरं होण्याआधीच आपण त्याला चोळून काढलेलं असतं.

सनस्क्रीनमध्ये दोन प्रकारची मंडळी असतात. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, ॲव्होबेन्झोन ही अतिनील किरणं अडवणारी. जाहिराती यांच्याच नावाने होतात. पण त्यांना त्वचेवर सारख्या थरात धरून ठेवणारं कोणीतरी लागतं. ते काम पॉलिमरचं, म्हणजे लांबच लांब साखळीच्या रेणूंचं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत ॲक्रिलेट्स कोपॉलिमर, व्हीपी/आयकोसीन कोपॉलिमर अशी नावं दिसली, तर तीच ही मंडळी. दिवसभर टिकणारी लिपस्टिक, मस्कारा, आयलायनर, हेअर स्प्रे, सगळ्यांत यांचे भाऊबंद आहेत. नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज असतं आणि ते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासूनही बनवतात. कपाशीच्या मुलखातल्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. पीव्हीपी नावाचं पॉलिमर १९३०च्या दशकात जर्मनीत वॉल्टर रेपे यांच्या संशोधनातून आलं, दुसऱ्या महायुद्धात जखमींना रक्तद्रवाऐवजी दिलं गेलं आणि नंतर हेअर स्प्रेत स्थिरावलं.

हे पॉलिमर पापुद्रा कसा धरतात? घरात लिक्विड आयलायनर असेल तर स्टीलच्या ताटलीवर एक रेघ ओढा. पहिल्यांदा ती चकाकते. मग कडेकडून चकाकी मावळत आत सरकते. पूर्ण वाळल्यावर नखाने कड उचला. बऱ्याच आयलायनरची रेघ भुकटी न होता लवचीक पट्टीसारखी सलग निघून येते. द्रवाचा घन झाला तो काही गोठून नाही. पाणी उडून गेलं आणि मागे साखळ्या एकमेकींत अडकून राहिल्या. बिबड्या वाळताना हेच होतं. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर थापलं की उन्हात पाणी जातं आणि स्टार्चच्या साखळ्या एकमेकींना धरतात. फरक एवढाच, की बिबडी वाळली की कड वर वळते आणि ती कडक होते. चेहऱ्यावर असं झालं तर हसल्याबरोबर तडे जातील.

म्हणून रसायनतज्ज्ञ साखळीचा मऊपणा ठरवून घेतात. प्रत्येक पॉलिमरचं एक तापमान असतं. त्याखाली तो काचेसारखा ताठ, त्यावर रबरासारखा मऊ. ॲक्रिलिक काच ज्याची होते तो पॉलिमिथाइल मेथाॲक्रिलेट साधारण १०५ अंश सेल्सिअसपर्यंत ताठ राहतो. पॉलिब्यूटिल ॲक्रिलेट उणे ५० अंशांच्या आसपासही मऊच असतो. दोघांचे घटक एकाच साखळीत कमी-जास्त गुंफले की मधलं हवं ते तापमान मिळतं. त्वचेचा पृष्ठभाग साधारण ३२ ते ३४ अंशांचा. पापुद्रा त्या तापमानाला वाकायला हवा, पण चिकटायला नको. भुसावळच्या मे महिन्यात हे गणित अवघड होतं. फार मऊ पॉलिमर असेल तर रस्त्याची धूळ चेहऱ्यावर बसून राहते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पुष्कळ क्रीममध्ये पॉलिमर विरघळलेला नसतो. १०० ते २०० नॅनोमीटरच्या गोळ्यांच्या रूपात पाण्यात तरंगत असतो. एका केसाच्या जाडीत अशा शेकडो गोळ्या मावतील. पाणी उडू लागलं की गोळ्या जवळ येतात आणि शेवटी एकमेकींना टेकतात. सारख्या आकाराचे गोल कितीही दाबून रचले तरी सुमारे २६ टक्के जागा रिकामी राहतेच. त्या फटींत उरलेलं पाणी आक्रसताना गोळ्यांना हवेच्या दाबाच्या कित्येक पटींनी ओढतं. गोल चेपून अनेक बाजूंचे होतात आणि फटी बुजतात. तरी हा अजून पापुद्रा नव्हे, शेजारी शेजारी बसलेले नुसते तुकडे आहेत. खरी मजबुती येते ती एका गोळीतल्या साखळ्यांची टोकं सीमा ओलांडून दुसरीत शिरतात तेव्हा. गर्दीतली लांब साखळी आडवी हलू शकत नाही. तिला स्वतःच्या लांबीच्याच दिशेने सरकत वाट काढावी लागते. १९७१मध्ये फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांनी या हालचालीचं गणित मांडलं. १९९१चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हे सरकणं वेळ घेतं. वळ्यांचं कोडं इथेच सुटतं: साखळ्या पलीकडे पोचण्याआधी बोट फिरलं, की अर्धवट जुळलेले तुकडे सुटून गुंडाळले जातात. खाली सिलिकोनचा थर आणि वर ॲक्रिलेटचा असेल तर दोघांचं मुळातच जमत नाही, मग वळ्या आणखी लवकर निघतात.

पापुद्रा सलग असण्यावर एवढा जोर का, ते आकड्यांत बघू. एसपीएफ ५० म्हणजे त्वचा भाजवणाऱ्या किरणांपैकी पन्नासावा भाग, २ टक्के, आत जातो. पण थर निम्मा झाला तर संरक्षण निम्मं होत नाही. आदर्श थरात ते ५०च्या वर्गमुळावर, म्हणजे ७च्या आसपास येतं. आता क्रीम तेवढंच घ्या, पण निम्म्या चेहऱ्यावर अर्धा थर आणि निम्म्यावर दीडपट. पातळ जागेतून १४ टक्के किरणं आत, जाड जागेतून पाव टक्क्याच्या आसपास. सरासरी ७ टक्क्यांच्या वर, म्हणजे एसपीएफ जेमतेम १४. आणि १० टक्के जागा अगदी कोरडी राहिली, तर बाकी कितीही भारी लावा, आकडा १०च्या वर जाऊच शकत नाही. प्रत्यक्ष चाचणी खऱ्या त्वचेवर होत असल्याने छापील आकड्यात थोडा उंचसखलपणा आधीच आलेला असतो. तरी नियम तोच.

त्यात त्वचा सपाट नाही. चाचणीत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात, म्हणजे ओला थर २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वाळल्यावर त्याहून पातळ. त्वचेवरच्या रेषा याहून खोल असू शकतात. ओलं क्रीम घळींत उतरतं आणि उंचवटे उघडे पडतात. पॉलिमर वाळताना घट्ट होत जातो आणि उंचवट्यावरचं क्रीम तिथेच धरतो. म्हणून तोच अतिनील घटक, तेवढाच, चांगल्या पॉलिमरसोबत जास्त एसपीएफ देतो.

जळगावात स्कूटीवर निघणाऱ्या मुली सनस्क्रीन लावून लगेच चेहऱ्याभोवती स्कार्फ आवळतात, तेव्हा मला राहवत नाही. पंधरा मिनिटं थांबा. साखळ्यांना पलीकडे पोचू द्या. कॉम्पॅक्टही त्यानंतर, आणि चोळून नको, टेकवून. स्कार्फ मात्र सोडू नका. निंदणीला जाणाऱ्या बाया साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि तोंडाला रुमाल बांधतात, ते शास्त्राला धरूनच आहे. घट्ट विणीचं कापड घामाने वाहून जात नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जळगावच्या थेट डोक्यावर येतो, तेव्हा दोन्ही हवं.

लग्नघरात दोन गोष्टी फार बोलल्या जातात. एक, हळद लागलेल्या नवरीला ऊन बाधत नाही. दुसरी, तिचा चेहरा लाल झाला तर दृष्ट लागली. हळदीने एसपीएफ मिळत नाही, आणि दुपारच्या वरातीनंतर लाल झालेली कातडी उन्हाने भाजलेली असते. मीठ-मिरची ओवाळून ती थंड होणार नाही. ‘वॉटरप्रूफ’ हाही तसाच शब्द. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११च्या नियमांत तो सनस्क्रीनवर छापायला मनाई केली. पाण्यात ४० किंवा ८० मिनिटं टिकतं, एवढंच तिथे लिहिता येतं. शिवाय घाम पापुद्र्याच्या खालून येतो आणि त्याला उचलतो, वर आपण रुमालाने पुसतो. म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, घाम पुसल्यावर लगेच.

‘प्लास्टिक कातडीत मुरेल’ ही भीती मात्र सोडून द्या. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणूंना धडधाकट त्वचेतून आत शिरणं जड जातं आणि या साखळ्या बहुधा हजारो डाल्टनच्या असतात. रात्री काढताना घासू नका. तेलाने बहुतेक पापुद्रे मऊ होऊन सुटतात. काही मस्कारे कोमट पाण्याने फुगतात आणि पापणीच्या केसावरून नळीसारखे अख्खे निघून येतात. बोटावर घेऊन जरा निरखून बघा, तो पापुद्राच आहे.