युरोपचं हवामान धोरण: मूळ गंधकाच्या पावसात

१९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधले मृदाशास्त्रज्ञ हान्स एग्नेर यांनी देशात जागोजागी पावसाचं पाणी धरायला भांडी मांडली. हेतू निव्वळ शेतीचा होता. पावसातून पिकाला नत्र आणि गंधक फुकटात किती मिळतं हे कळलं, की खताचा हिशेब बसवता येईल. पुढच्या दशकात कार्ल-गुस्ताफ रॉसबी आणि एरिक एरिकसन या हवामानशास्त्रज्ञांनी हे जाळं पश्चिम युरोपात पसरवलं. महिनाभर साचलेलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत जायचं, आकडे वहीत उतरायचे. वर्षानुवर्षं हेच. असल्या कंटाळवाण्या कामाला आज कोण अनुदान देईल, शंकाच आहे.

स्वीडनमधल्याच उप्सालाचे मृदाशास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यांनी या नोंदी एकापुढे एक लावल्या, तेव्हा त्यातून भलतंच निघालं. पाऊस वर्षागणिक आम्लधर्मी होत चालला होता आणि त्याचा पट्टा मध्य युरोपातून उत्तरेकडे सरकत होता. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांनी हे शास्त्रीय नियतकालिकाच्या आधी ‘डागेन्स न्यूहेतर’ या दैनिकात लिहिलं. युरोपातले देश एकमेकांवर नकळत रासायनिक युद्ध लादताहेत, असा त्यांचा रोख होता. दक्षिण नॉर्वेच्या तळ्यांमधून ट्राउट मासे नाहीसे होत होते, त्याचंही कारण इथे सापडत होतं. आम्ल पाणी मातीतलं ॲल्युमिनियम सोडवून तळ्यात आणतं, ते माशाच्या कल्ल्यांवर बसतं आणि मासा गुदमरतो. वरून तळं मात्र नितळ, काचेसारखं दिसतं.

स्वीडननं १९७२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत हा विषय मांडला. कोळसा जाळून निघणारा गंधकाचा धूर ज्यांचा होता ते देश काही लगेच मानायला तयार नव्हते. मग ‘ओईसीडी’ या विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या छत्राखाली अकरा देशांनी मिळून मोजणी केली, सूत्रं नॉर्वेच्या हवा संशोधन संस्थेकडे. १९७७ च्या अहवालानं देशवार ताळेबंदच मांडला: कोणाचं गंधक किती, आणि ते कुठे जाऊन पडतं. नॉर्वेत पडणारं बहुतेक गंधक बाहेरचं होतं. बांधाचा वाद मिटायचा तर दोन्ही घरांना मान्य असलेली मोजणी लागते, तसलाच हा प्रकार. त्याच सुमाराला ‘एमेप’ हे कायमचं मोजणी-जाळं उभं राहिलं. हवामानाची गणितं करणारी त्याची दोन केंद्रं होती, एक ओस्लोत, दुसरं मॉस्कोत. शीतयुद्ध ऐन भरात असताना! १३ नोव्हेंबर १९७९ ला जिनिव्हात दूरगामी वायुप्रदूषणाचा करार झाला, तेव्हा कुणाच्या गळ्यात कपातीचा आकडा पडला नाही. मोजणी एकत्र करायची, एवढं मात्र ठरलं. माझ्या मते खरी कमाई तीच.

ब्रिटन सगळ्यात अडून बसला. १९५२ च्या लंडनच्या विषारी धुक्यानंतर त्यांनी उंच धुराडी बांधली होती आणि वीज केंद्रांच्या आसपासची हवा सुधारलीही होती. मग तक्रार कसली, असा त्यांचा सवाल. कोराडी-चंद्रपूरच्या वाचकांना हा सूर ओळखीचा वाटेल. जुलै २०२५ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं देशातल्या बहुसंख्य औष्णिक केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूट दिली, तेव्हाही परिसरातला सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे, हे एक मोठं कारण पुढे केलं गेलं. वाऱ्यावर लांब जाऊन या वायूचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. धुराड्याजवळच्या वायूच्या मोजणीत ते येत नाहीत.

आधी कपातीला विरोध करणाऱ्या पश्चिम जर्मनीनं मात्र १९८२ मध्ये बाजू बदलली. ग्योटिंगेनच्या बेर्नहार्ड उलरिख यांनी जंगलं मरताहेत असा इशारा दिला होता आणि देश हादरला होता. ती भाकितं त्या प्रमाणात खरी ठरली नाहीत, हेही नोंदवायला हवं. १९८५ च्या हेलसिंकी करारानं गंधकाच्या धुरात सरसकट ३० टक्के कपात ठरवली. ब्रिटननं सही केली नाही.

सरसकट आकड्यातला अन्याय उघड होता. चुनखडीच्या जमिनीवर आम्ल पडलं तर ती पचवते, ग्रॅनाइटवरच्या पातळ मातीला ते झेपत नाही. प्रत्येक परिसंस्थेला किती सोसेल, ती मर्यादा म्हणजे ‘क्रिटिकल लोड’. व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्गच्या जुन्या राजवाड्यात, पूर्व-पश्चिम दोन्ही गटांनी १९७२ मध्ये स्थापलेल्या ‘इयासा’ या संस्थेनं ही मर्यादा, एमेपची वाऱ्याची गणितं आणि कपातीचा खर्च हे सगळं ‘रेन्स’ नावाच्या संगणकीय प्रारूपात गुंफलं. युरोपच्या नकाशावर दीडशे किलोमीटरचे चौकोन पाडले. कोणत्या देशानं किती कपात केली तर कोणता चौकोन वाचतो आणि खर्च किती येतो, हे वाटाघाटी करणाऱ्यांना पडताळून पाहता येऊ लागलं. १९९४ च्या ओस्लो करारात मग प्रत्येकाला वेगळा आकडा मिळाला: १९८० च्या तुलनेत जर्मनीला २००५ पर्यंत ८७ टक्के, ब्रिटनला २०१० पर्यंत ८० टक्के. हो, यावेळी ब्रिटननंही सही केली.

पुढे रेन्समध्ये हरितगृह वायूंची भर पडून ‘गेन्स’ झालं आणि युरोपीय संघाच्या हवा आणि हवामान प्रस्तावांमागे त्याची गणितं येऊ लागली. युरोपीय पर्यावरण संस्थेचा कायदा १९९० चा, पण कार्यालय कोणत्या शहरात यावरच तीनेक वर्षं गेली आणि कोपनहेगनमध्ये काम सुरू झालं १९९४ मध्ये. संघाच्या २०२१ च्या हवामान कायद्यानं पंधरा शास्त्रज्ञांचं स्वतंत्र सल्लागार मंडळही दिलं.

या मंडळानं जून २०२३ मध्ये २०४० साठी १९९० च्या तुलनेत हरितगृह वायूंमध्ये ९० ते ९५ टक्के कपात सुचवली, आणि ती युरोपातच व्हावी, असं जून २०२५ मध्ये बजावलं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं ९० चा आकडा उचलला, पण त्यातले ३ टक्के परदेशातून घेतलेल्या क्रेडिटमधून, म्हणजे तिथे झालेली कपात विकत घेऊन, भरायची मुभा ठेवली. नोव्हेंबरमध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी ती ५ वर नेली.