पोयीची होडी ते खोक्यावरचं चित्र

कोकणात रचायची खेळणी विकत आणायची पद्धत तशी अलीकडची. त्याआधी सामान परड्यातच पडलेलं असे: करवंट्या, हिराच्या काड्या, पोफळीची विरी (झावळीचा रुंद बुडखा), माडाची सुकी पोय, म्हणजे फुलोऱ्यावरचं कठीण आवरण. पोय मुळातच होडीच्या आकाराची, पण पाण्यात सोडली की एका कुशीवर कलंडते. मग पोर आत खडा ठेवतं, तो इकडे-तिकडे सरकवून बघतं. तरीही नाही जमलं, तर मच्छीमारांच्या होडीला असते तशी बाजूला काठी बांधून उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा दांडा, काढतं. हे कुणी बसवून शिकवत नाही. किनाऱ्यावर उलांडी रोज डोळ्यांसमोर असते.

असलं फुकटचं सामान शाळेत आणण्याचं मोठं काम याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला झालं. जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बालशाळा काढून लाकडी ठोकळे मुलांच्या हाती दिले होते. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. पण त्यांची साधनं नेमक्या मापाची, म्हणजे महाग. खेड्यातल्या शाळेला न परवडणारी. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला होत्या. तिथे शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडला गेलं.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं-भाज्या सगळ्यांना ठाऊक आहेत. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती मांडायची खेळणी, रचायची नव्हेत. जुनं ते सगळं कल्पक, असं मानायचं कारण नाही.

नट-बोल्टांचे संच कोकणात आले ते बहुधा मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून. त्यांचं मूळ लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींच्या १९०१ च्या पेटंटात. १९०७ पासून त्याला मेकॅनो हे नाव पडलं. डेन्मार्कच्या लेगोने आजच्या पद्धतीने घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ मध्ये मागितलं. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे एकमेकांत अडकवायचे तर ९१ कोटींहून अधिक रचना होतात. गंमत अशी की १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’चे संच निघाले, तसे इतर सिनेमांचेही आले, आणि त्या कोट्यवधींतली खोक्यावर छापलेली एकच रचना महत्त्वाची ठरू लागली. माझ्या मते खरा बदल इथे आहे. करवंटी जाऊन प्लॅस्टिक आलं, हा त्यामानाने किरकोळ.

मोरो आणि एंगेसेट या संशोधकांनी २०१६ मध्ये हेच तपासलं. काहींना सूचना पाहून ठरलेला संच जोडायला दिला, काहींना नुसते ठोकळे. पुढच्या कल्पकतेच्या कामात संच जोडणारे मागे पडले. अर्थात हे प्रयोग लहान मुलांवर नव्हते, म्हणून निष्कर्ष जपून घ्यायला हवा. शिवाय संच काही कायम संच राहत नाही. सूचनांची पुस्तिका पावसाळ्यात भिजते नाहीतर रद्दीत जाते, आणि चार भाग पलंगाखाली हरवले की मुलांना उरलेल्यांतून काहीतरी वेगळंच करावं लागतं.