मुलांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांची सूज: पोकळीकडून भिंतीकडे गेलेली तपासणी

‘एमआर एन्जिओग्राफी नॉर्मल.’ सातारा, बारामती, सोलापूरकडून मुलाला घेऊन पुण्यात येणाऱ्या आईवडिलांच्या फायलीत हे वाक्य असले, की मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज नाही असे समजले जाते. त्या वाक्याचा अर्थ तेवढा मोठा नाही. एमआर एन्जिओग्राफी म्हणजे एमआरआय यंत्रावर काढलेले रक्तवाहिन्यांचे चित्र; ते फक्त मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या पोकळीबद्दल, म्हणजे रक्त वाहते त्या आतल्या जागेबद्दल बोलते. सूज मात्र भिंतीत असते.

पोकळी पाहण्याची सवय जुनी आहे. 1927 मध्ये लिस्बनला पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी गळ्यातील धमनीत आयोडीनयुक्त द्रव सोडून मेंदूच्या धमन्यांचा पहिला एक्स-रे घेतला. दिसला तो आत भरलेला द्रव. भिंत अदृश्यच राहिली. 1953 मध्ये स्वीडिश रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगर यांनी सुई, तिच्यातून तार आणि तारेवरून नळी असा क्रम घालून दिला. आजही जांघेतून याच क्रमाने नळी चढवतात. पुढे डीएसए (डिजिटल सबट्रॅक्शन एन्जिओग्राफी) आली, चित्रातून हाडे वजा होऊ लागली आणि बारीक फांद्या स्पष्ट झाल्या. लहान मुलांत मात्र यासाठी बहुधा पूर्ण भूल लागते, कॉन्ट्रास्टची (धमनीत सोडायच्या द्रवाची) मात्रा वजनावर बांधलेली असते, आणि नळीच्या स्पर्शाने धमनी आकसली तर ते आकसणेच आजार म्हणून वाचले जाऊ शकते.

मोठ्यांसाठी कॅलाब्रिस आणि मॅलेक यांनी 1988 मध्ये या आजाराच्या निदानाचे निकष मांडले: दुसरे कारण नसलेली मेंदूची लक्षणे, आणि जोडीला एन्जिओग्राफीत किंवा बायोप्सीत पुरावा. मुलांचे चित्र टोरांटोच्या गटाने 2006 मध्ये 62 मुलांच्या अभ्यासातून उलगडले. काहींत धमनी एकदाच अरुंद होऊन थांबते, काहींत महिनोन्‌महिने नव्या जागा धरत जाते. याशिवाय तिसरा प्रकार आहे, आणि तोच सर्वांत जास्त निसटतो: एन्जिओग्राफी स्वच्छ, पण बायोप्सीत सूक्ष्म वाहिन्यांना सूज. इतक्या बारीक वाहिन्या कुठल्याच एन्जिओग्राफीच्या आवाक्यात येत नाहीत. अशा मुलात लुळेपणापेक्षा फिट्स, डोकेदुखी, वागण्यात किंवा अभ्यासात झालेला बदल हीच सुरुवात असू शकते.

एमआरआयने चिरफाड टाळली, पण नवे चकवे आणले. नेहमीची टाइम-ऑफ-फ्लाइट पद्धत वाहते रक्त उजळ दाखवते. वळणावर रक्त घुसळले किंवा संथ झाले की उजळपणा जातो आणि नसलेला अडथळा दिसतो. कॅरोटिडच्या (गळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या) वळणावर हे वारंवार घडते. मूल हलले तरी तेच. भूल द्यायची असेल तर घन अन्न 6 तास आणि आईचे दूध 4 तास आधी थांबवतात. ही वेळ मोडली तर तपासणी पुढे ढकलावी लागते.

भिंत दिसू लागली ती 3 टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचे माप) एमआरआय यंत्रांवरच्या ‘ब्लॅक ब्लड’ प्रतिमांमुळे. यात रक्त काळे राहते. गॅडोलिनियम हे एमआरआयचे कॉन्ट्रास्ट (किलोमागे 0.1 मिलिमोल) देण्याआधी आणि दिल्यानंतर तेच काप घेऊन तुलना करतात. भिंत सगळ्या बाजूंनी सारखी जाड होऊन उजळली तर सुजेचा संशय बळावतो. मेंदूतील धमनीची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते, म्हणून शेजारची शीर किंवा नीट न दबलेले संथ रक्तही भिंतीसारखे उजळलेले दिसते. शिवाय सूज उतरवणारे स्टेरॉइड सुरू झाले की ही चमक मावळू लागते. मुलाची प्रकृती परवानगी देत असेल तर हे चित्र आधी घ्यावे. प्रकृती ढासळत असेल तर चित्रासाठी औषध अडवू नये.

आपल्याकडे आणखी एक पायरी वगळता येत नाही: क्षयाचा मेंदूज्वर. त्यातही धमन्यांच्या भिंती सुजतात. मेंदूच्या तळाशी दाट स्राव, खोल भागातील छोटे इन्फार्क्ट (रक्त न पोहोचल्याने मेलेले भाग) आणि पाणी साठून फुगलेल्या मेंदूच्या आतल्या पोकळ्या दिसल्या, तर पाठीच्या पाण्याची (कण्यातून सुईने काढलेल्या द्रवाची) तपासणी झाल्याशिवाय केवळ स्टेरॉइडवर विसंबणे धोक्याचे आहे. गेल्या 12 महिन्यांत कांजिण्या येऊन गेल्या का, हेही विचारायलाच हवे. त्या विषाणूनंतर मेंदूच्या एकाच बाजूची धमनी अरुंद होऊ शकते.

साधारण 3 महिन्यांनी पुन्हा एमआरआय करताना शक्यतो तेच यंत्र, तीच पद्धत ठेवावी. नाहीतर दिसलेला फरक आजाराचा की यंत्राचा, हे सांगता येत नाही. येताना फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा तपशील पाहायचा असतो, म्हणून जुन्या तपासणीची सीडी सोबत हवी.