मणक्यातली सुई आणि बुरशीचा मेनिंजायटिस

मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हटलं की सणसणून ताप, ताठलेली मान आणि एक-दोन दिवसांत अत्यवस्थ झालेला रुग्ण डोळ्यांसमोर येतो. बुरशीमुळे होणारा मेनिंजायटिस मात्र बेताबेताने वाढतो. डोकं दोन-तीन आठवडे ठणकत राहतं, ताप कधी असतो कधी नसतो, मान ताठ होईलच असं नाही. सायनस झाला, मायग्रेन झालं, चष्म्याचा नंबरही तपासून झाला. मग उलट्या सुरू होतात, एकाचे दोन दिसतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो.

बहुतेकदा यामागे क्रिप्टोकॉकस ही बुरशी असते. ती मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत आढळते. श्वासावाटे ती अनेकांच्या फुप्फुसांत जाते, पण निरोगी शरीर तिला तिथेच थोपवतं. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर घन मिलिमीटर रक्तात १०० च्या खाली घसरल्या, किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं वा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलं, की तिला मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मिळते. एकाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. प्रतिकारशक्ती चांगली असूनही बुरशी थेट आत गेली तर गोष्ट वेगळी: २०१२ साली अमेरिकेत दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे ७५० च्या आसपास लोकांना संसर्ग झाला, ६० हून अधिक दगावले. ती बुरशी मात्र दुसरी होती.

निदानासाठी पाठीच्या मणक्यातून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतालचं पाणी काढतात. त्यात काळ्या शाईचा थेंब मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की काळोखात गोल पेशी आणि प्रत्येकीभोवती पांढरं वलय दिसतं. हे वलय म्हणजे बुरशीचं शर्करायुक्त कवच. आता पट्टीवरची चाचणी काही मिनिटांत याच कवचाचे अंश ओळखते. रक्तात तर ते लक्षणं दिसण्याच्या कित्येक आठवडे आधीही सापडू शकतात. म्हणून सीडी४ कमी असलेल्यांची डोकं दुखायची वाट न बघता तपासणी करायला हवी.

हेच कवच आणखी एक घात करतं. मेंदूभोवतालचं पाणी जिथून रक्तात शोषलं जातं, त्या वाटा तुंबलेल्या मोरीसारख्या होतात आणि कवटीतला दाब चढतो. सुईला उभी नळी जोडून तो मोजतात. पाणी २५ सेंटिमीटरच्या वर चढलं आणि लक्षणं असली, तर तिथल्या तिथे पाणी काढून दाब उतरवावा लागतो, गरज पडली तर रोज. अनेकदा डोकेदुखी लगेच हलकी होते. ‘पाणी काढलं की पाय लुळे पडतात’ या भीतीने नातेवाईक नकार देतात. माझ्या मते औषध उशिरा मिळण्याइतकाच हा नकार घातक आहे. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात. फक्त मेंदूत गाठ वगैरे असल्याची शंका असेल तर आधी स्कॅन करतात.

मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन-बी. ते बुरशीच्या पेशीचं आवरण सच्छिद्र करतं, पण मूत्रपिंडांनाही झळ पोहोचवतं आणि पोटॅशियम घटवतं. आफ्रिकेतल्या पाच देशांतल्या चाचणीत लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बसवलेल्या) अ‍ॅम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, जोडीला दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं, हा उपचार जुन्या पद्धतीच्या तोडीस तोड आणि कमी त्रासाचा ठरला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधितांसाठी त्याला पहिली पसंती दिली. दुर्दैवाने गरज जिथे सर्वाधिक, तिथेच फ्लुसायटोसिन मिळायची मारामार.

एचआयव्हीची औषधं सुरू केलेली नसतील, तर ती चार ते सहा आठवडे थांबून देतात. लगेच दिली तर मृत्यूचा धोका वाढतो. नंतर फ्लुकोनॅझोल किमान वर्षभर चालतं. मधल्या काळात डोकेदुखी परतली, तर वेदनाशामक गोळीवर भागवू नये. दाब पुन्हा मोजावा लागतो.