व्हीएममधील कंटेनरचा दूरस्थ शेल

आभासी यंत्रात, म्हणजे व्हीएममध्ये, चालणाऱ्या कंटेनरच्या आत दुसऱ्या संगणकावरून शिरून तिथे शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्राम, उघडण्याची आणि कमांड देण्याची पद्धत. या प्रवासाचे दोन टप्पे आहेत. आपल्या संगणकापासून व्हीएमपर्यंतचा टप्पा नेटवर्कचा असतो, तर व्हीएमपासून कंटेनरच्या आत जाण्याचा टप्पा व्हीएमच्या लिनक्स कर्नलचा, म्हणजे तिच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा. दोन्हींसाठी एकच उपाय शोधू गेल्यास घोळ होतो. कंटेनरला आयपी पत्ता दिसतो म्हणून थेट त्यावर एसएसएच (दूरस्थ लॉगिनचा सुरक्षित मार्ग) करू पाहणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

व्हीएमला हायपरवायझरकडून, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, आभासी हार्डवेअर मिळते आणि तिचा स्वतःचा कर्नल असतो. कंटेनरकडे यातले काहीच नसते. तो व्हीएमच्याच कर्नलवर चालणारा एक प्रोसेस किंवा प्रोसेसचा गट असतो. नेमस्पेसमुळे त्याला बाकीची यंत्रणा दिसत नाही, आणि २००८ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या सी-ग्रुपमुळे त्याच्या मेमरी-सीपीयूला मर्यादा घालता येते. कंटेनरमधला वेब सर्व्हर आतून पाहिला तर पहिल्या क्रमांकाचा प्रोसेस असतो. तोच व्हीएमच्या प्रोसेस यादीत भलत्याच क्रमांकाने दिसतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेच, पुढचे सगळे त्यातून उलगडते.

पहिल्या टप्प्यासाठी एसएसएच वापरतात. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातील टाटू इलोनेन यांनी तो १९९५ मध्ये, नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यानंतर लिहिला. त्याचा ठरलेला पोर्ट २२. क्लाउडवरच्या व्हीएमला पत्ता असतोच. पण नेरूळ-खारघरच्या कॉलेजांत शिकणारा विद्यार्थी लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू चढवतो, तेव्हा नॅट व्यवस्थेत, म्हणजे लॅपटॉपच्या पत्त्याआडून नेटवर्क वापरताना, त्या व्हीएमला साधारणपणे १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. शेजारच्या मित्राच्या व्हीएमलाही तोच मिळतो, कारण हे जाळे प्रत्येक व्हीएमपुरते वेगळे असते. बाहेरून तिथे पोचता येत नाही. म्हणून लॅपटॉपचा एखादा पोर्ट, बहुधा २२२२, व्हीएमच्या २२ ला जोडतात आणि लॅपटॉपच्याच पत्त्यावर २२२२ मधून लॉगिन करतात.

डेटा सेंटरमधली मांडणी वेगळी असते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे एकेकाळी रासायनिक कारखान्यांचा वरचष्मा होता, तिथे ऐरोली, रबाळे, महापे भागात आता मोठी डेटा सेंटर आहेत. घोडबंदर रोडच्या घरी रात्रपाळीला बसलेल्या इंजिनिअरने महापेच्या सर्व्हरवरचा कंटेनर तपासायचा झाला, तरी ती व्हीएम सहसा खाजगी नेटवर्कमध्ये असते. आधी जंप सर्व्हरवर, म्हणजे बाहेरून पोचता येणाऱ्या मधल्या सर्व्हरवर, तिथून व्हीएमवर असे जावे लागते. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित प्रोग्रामच्या ७.३ या आवृत्तीत, २०१६ मध्ये, ‘प्रॉक्सीजंप’ची सोय आली आणि हे दोन्ही मुक्काम एका कमांडमध्ये बसू लागले. यात खाजगी की (लॉगिनची गुप्त किल्ली) जंप सर्व्हरवर ठेवावी लागत नाही, हा त्याचा खरा फायदा.

दुसरा टप्पा डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘एक्झेक’ कमांडने होतो. डॉकर २०१३ मध्ये जाहीर झाले, पण ‘एक्झेक’ आले ते १.३ आवृत्तीत, २०१४ साली. त्याआधी ‘एनएसएंटर’ने प्रोसेसच्या नेमस्पेसमध्ये शिरत, नाहीतर इमेजमध्येच (कंटेनर ज्या साच्यातून तयार होतो त्यात) एसएसएच सर्व्हर घालत. ही दुसरी सवय अजून दिसते आणि ती सोडलेलीच बरी: प्रत्येक कंटेनरमागे वेगळ्या की, वेगळा पोर्ट आणि वेगळे सुरक्षा अपडेट सांभाळावे लागतात.

‘एक्झेक’ला ‘आय’ आणि ‘टी’ हे पर्याय देतात. पहिल्याने इनपुट उघडे राहते, दुसऱ्याने टर्मिनल मिळते. दोन्ही टप्पे एकाच ओळीत लिहिले की एसएसएच स्वतः टर्मिनल देत नाही, आणि डॉकर ‘इनपुट डिव्हाइस टीटीवाय (टर्मिनल) नाही’ अशी तक्रार करून थांबते. उपाय एवढाच की एसएसएचलाही वेगळा ‘टी’ द्यायचा. अल्पाइन या लहानशा लिनक्सवर आधारलेल्या इमेजमध्ये मुळात बॅश हा नेहमीचा शेल नसतो, तिथे ‘एसएच’ हा साधा शेल मागावा. ‘अटॅच’ ही कमांड मात्र नवा शेल उघडत नाही, ती कंटेनरच्या मुख्य प्रोसेसलाच जोडते; तिथे कंट्रोल-सी दाबल्यास चालू सेवा बंद पडू शकते.

डॉकर गटात असलेल्या वापरकर्त्याकडे व्यवहारात त्या व्हीएमचे रूट अधिकारच असतात, त्यामुळे शेल कोणाला द्यायचा हा प्रश्न कंटेनरपुरता उरत नाही. डॉकरचा २३७५ हा विनाएन्क्रिप्शन पोर्ट तर बाहेर कधीच उघडू नये. १८.०९ आवृत्तीपासून डॉकरचा क्लायंट एसएसएचमार्गे थेट दूरच्या डॉकरशी बोलू शकतो, तीच वाट धरावी. अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये ‘एक्झेक’ त्याच्या मध्यवर्ती एपीआय सर्व्हरमार्गे जाते. व्हीएमवर लॉगिन लागत नाही आणि परवानगीही तिथेच ठरते.

काही इमेजमध्ये सुरक्षेसाठी शेलच ठेवलेला नसतो. अशा वेळी अवजारे असलेला दुसरा कंटेनर पहिल्याच्या प्रोसेस व नेटवर्क नेमस्पेसमध्ये सुरू करतात आणि तिथून तपास करतात. कुबरनेटीसमध्ये यासाठी तात्पुरत्या कंटेनरची सोय असून ती २०२२ मध्ये, १.२५ आवृत्तीत, स्थिर झाली.