आठ संध्याकाळी आलेला फोन

सकाळी ऑफिसात साहेबांशी खटका उडतो. दुपारी कळतं, आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. रात्री दहावीतल्या लेकाशी मोबाइलवरून वाजतं. पंचेचाळिशीतल्या माणसाच्या दिवसातल्या यातल्या एकाही गोष्टीला कुणी संकट म्हणणार नाही.

अमेरिकेत 1995 साली मध्यमवयाचा वेध घेणारा 'मिडस' हा अभ्यास सुरू झाला. त्यात 25 ते 74 वयाचे सात हजारांहून जास्त लोक होते. त्यांच्यातल्या काहींना संशोधक डेव्हिड अल्मेडा यांच्या गटाने सलग आठ संध्याकाळी फोन केले. आज कुणाशी वाद झाला का? कामात, घरात काही अडलं का? मन कसं होतं? साधारण 40 टक्के दिवशी काही ना काही बिनसलेलं निघालं, आणि सगळ्यात जास्त होत्या माणसामाणसांतल्या कुरबुरी.

दहा वर्षांनी 711 जणांची पुन्हा विचारपूस झाली. सुझन चार्ल्स, अल्मेडा आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये जे मांडलं, ते प्रत्येक चाळिशी ओलांडलेल्या माणसापर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं. अशा कटकटीच्या दिवशी ज्यांचं मन जास्त ढासळायचं, त्यांच्यात दहा वर्षांनंतर नैराश्य-चिंतेचे त्रास अधिक आढळले. आधीपासूनचा मानसिक त्रास हिशेबात धरूनही हे चित्र बदललं नाही. 2018 च्या विश्लेषणात तर दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळणाऱ्या खिन्नतेचा संबंध पुढच्या शारीरिक दुखण्यांशीही दिसला.

चिवट मनाचा माणूस म्हणजे ज्याला काही लागतच नाही, असं आपण धरून चालतो. पण लागतं सगळ्यांनाच. वाद मिटल्यावरही तो मनात उगाळत राहिलं, की शरीराची ताणाची यंत्रणा जागीच राहते. झोप अपुरी झाली, तर उद्याची कुरबूर आणखी झोंबते. यात त्या माणसाचा दोष शोधू नये. म्हाताऱ्या आईवडिलांचं औषधपाणी आणि मुलांची फी एकाच पगारातून निघत असेल, तर दोन कुरबुरींच्या मध्ये श्वास घ्यायला जागा कुठून मिळणार?

दिलासा असा, की वीस वर्षं पाठपुरावा केल्यावर वयाबरोबर ताणाचे दिवस कमी होताना दिसले. तोवर खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर कुणाशी तरी बोलावं. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं.